पंपवाल्याची उजवी कड

त्या माणसानं माझ्या बायकोचं नाव मले न विचारता कॉम्प्युटरवरच्या फुटबॉलात टाकलं, अन् पुढं ते नाव मी सांगतलं तसं सांभाळलं नाई. या दोन गोष्टींचा राग माझ्या मनातून अजून गेला नाई. तो चांगला माणूस होता असं कॉलनीतले म्हणतात. म्हणोत. त्यांच्या बायकांची नावं त्यानं टाकली नव्हती.

आम्ही त्याले पंपवाला म्हणत होतो. चंद्रपूरजवळच्या कोळशाच्या खाणीत तो पंपावर होता. खाणीत पाणी झिरपतच राह्यते. ते उपसाले चोवीस घंटे पंप चालते, अन् त्या पंपापाशी एक माणूस बसते. अंधारात, आठ घंटे, एकटा. तिथी बसून बसून माणूस एक तर दारू पिते, नाईतर आपल्याच डोक्याशी बोलाले लागते. पंपवाला दारू पीत नव्हता.

मी हॉलेजवर होतो, कोळशाचे डबे ओढायच्या कामावर. पायावरून कोळशाचा डबा गेला, तेव्हापासून मले लाइट ड्युटी देऊन कामगार क्लबात टाकलं. कुलूप उघडायचं, झाडू मारायचा, कॅरमची पावडर सांभाळायची. पंपवाल्याची अन् माझी क्वार्टर भिंतीले भिंत लागून होती. त्यानं लग्न केलं नव्हतं. भागरता, म्हणजे माझी बायको, भाजी जास्त झाली का भिंतीवरून त्याले वाटी देत होती. मी कधी काही म्हटलं नाई. तिथीच चुकलं.

जवानीत तो खाणीच्या टीममध्ये फुटबॉल खेळला होता. उजव्या पायाचा, म्हणून उजव्या कडेले ठेवला. बारा वर्षं चुन्याच्या रेषेवर पळला. हा पळायचा, मधात चेंडू टाकायचा, अन् मधातला गोल मारायचा. फोटो मधातल्याचे निघाले, हार मधातल्याच्या गळ्यात पडले. पंपवाला म्हणे, मले बारा वर्षं लोकायनं कुंपणासारखं लावून ठेवलं. एवढंच त्याचं दुःख होतं. पण एवढं दुःख त्यानं चाळीस वर्षं पुरवलं.

क्लबात कॉम्प्युटर आला तो एका साहेबाच्या बदलीमुळं. साहेब जुना कॉम्प्युटर टाकून गेला, अन् त्यात एक फुटबॉलचा खेळ राहून गेला. त्यात माणसं पळताना दिसत नव्हती. आपण मॅनेजर. हिरव्या पाटीवर आपले अकरा खेळाडू मांडायचे, कोणी कुठी पळायचं त्याचा बाण काढायचा, अन् मॅच सुरू केली का खाली इंग्रजी अक्षरं चमकत राह्यत. कोणाकडं चेंडू आहे, कोणी मारला, सारं अक्षरात. मी चवथी शिकलेला. मले ते कुलूप लावलेल्या घरासारखं होतं.

ऑफिसातल्या बाबूनं पंपवाल्याले तो खेळ शिकवला. मंग बाबूनं स्वतःच्या घरी कॉम्प्युटर घेतला, बाकीचे लोक कॅरमवर गेले, अन् तो डबा एकट्या पंपवाल्याचा झाला. तो समोर बसत नव्हता. खुर्ची ओढून टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात न्यायचा अन् मान वाकडी करून पाहायचा. समोर बसून पाहणारे प्रेक्षक, म्हणे. खेळणाऱ्याले मैदान कडेवरूनच दिसते. त्याची मान कायमची वाकडी झाली. डॉक्टरनं विचारलं का झोपताना उशी कोणती घेता, तर यानं त्याले उजवी कड समजावून सांगतली.

अजून एक खोड. कोणता माणूस कोणत्या पायाचा, हे त्याले कळाले पाहिजे होतं. त्यासाठी तो खिशात लिंबू ठेवायचा. बोलता बोलता तुमच्याकडं लिंबू सोडून द्यायचा, तुम्ही कोणत्या पायानं थांबवता ते पाहायचा. क्लबाच्या सेक्रेटरीकडं सोडलं, पोस्टमनकडं सोडलं, एकदा युनियनच्या भाषणात सोडलं.

उन्हाळ्यात भागरता नळावरून येत होती. डोक्यावर पाण्याचा गुंड, कमरेवर घागर. हा ओट्यावर बसला होता. यानं लिंबू सोडलं. तिनं खाली न पाहता ते डाव्या पायानं दाबलं, अन् गुंडातल्या पाण्याचा थेंब सांडला नाई. लिंबू परत पाहिजे का पायाखालीच राहू देऊ, असं तिनं विचारलं. पंपवाला उठून उभा राह्यला. मॅनेजरसाहेब आले तरी हा माणूस उठत नव्हता.

मले म्हणे, "तिचा डावा पाय आहे. तुले माहीत होतं काय?"

लग्नाले एकवीस वर्षं झाली होती. मले माहीत नव्हतं.

आठ दिवसांनी क्लबात कॅरमवाल्यानं सोंगटी मारता मारता मले म्हटलं, भाऊ, वहिनीनं काल गोल मारला. मले वाटलं थट्टा आहे. मंग सारेच हसाले लागले. मी झाडू हातात घेऊनच पंपवाल्यापाशी गेलो.

"माझ्या बायकोचं नाव काऊन टाकलं?"

"उजव्या कडेले डाव्या पायाचा माणूस पाहिजे होता."

"मंग तुझ्या बहिणीचं टाकाचं होतं."

"ती उजव्या पायाची आहे."

आता अशा माणसाले काय मारावं? वरून मले सांगते, तुझंही नाव टाकलं आहे, तिच्याच मागं, बॅक. तू चांगला अडवते, म्हणे, पण पुढं जात नाई. मी बाण काढतो अन् तू तिथीच उभा राह्यते.

घरी येऊन मी भागरताले सांगतलं. मले वाटलं ती चिडन. ती पदर तोंडाले लावून हसली. अन् त्या दिवसापासून रोज सांजच्याले भिंतीपाशी जाऊन विचाराले लागली, "भाऊ, आज मी काय केलं?" हा तिकडून सांगायचा. मंग जेवताना ती मले सांगायची का आज मी एक मारला, आज मले पिवळं कार्ड भेटलं. मी म्हणायचो, वरणात मीठ नाई.

एक दिवस त्यानं ओट्यावर चिंचोके मांडून तिले समजावलं. मी आत जेवत होतो, सारं ऐकू येत होतं. कडेवर दोन तऱ्हेचे माणसं राह्यते, म्हणे. एक रेषा धरून पळते अन् चेंडू मधात देते. त्यानं दिला, दुसऱ्यानं मारला. दुसरा माणूस उभा रेषेवरच राह्यते. साऱ्यायले वाटते हा बाहेरून जाईन. अन् तो आत वळते. उजव्या कडेवर डाव्या पायाचा असला का वळल्या वळल्या त्याच्या समोर गोल, अन् चेंडू बरोबर चालत्या पायावर.

भागरतानं विचारलं, ती आत गेली तर बाहेरची जागा रिकामी नाई राहणार काय? त्यानं सांगतलं का तिथी मागचा बॅक धावत येते. तो आला नाई तर सारं बिघडते.

"मंग झालं," ती म्हणाली. "आमचा बॅक त पाटावरून उठत नाई."

दोघंही हसले. मी पाटावर होतो.

त्याच सुमाराले कॉलनीतल्या बायकांचा बचत गट निघाला. बायकांचं म्हणणं पडलं का भागरताले अध्यक्ष करा. तिच्या शब्दाले साऱ्या जमत होत्या. मी नाई म्हटलं. तुले सही येत नाई, अन् सांजच्याले मीटिंगा, सैपाक कोण करन? ती वाद घालत नसे. दुसरी बाई अध्यक्ष झाली. भागरता घरोघरी जाऊन बायकांले बोलावून आणायची, सतरंजी टाकायची, उठल्यावर गुंडाळायची.

पंपवाला माझ्या दारात आला. आत आला नाई. "तू तिले रेषेवर ठेवून राह्यला," एवढं बोलला. मी म्हटलं, तुझ्या घरात कोणी आहे काय, का तू दुसऱ्याच्या घरातले बाण काढून राह्यला? तो गेला. मी भागरताले वाटी बंद कराले सांगतलं. तिनं भिंतीवरून बंद केली. मागच्या गल्लीनं फिरून देत होती, हे मले लय दिवसांनी कळलं.

आता त्याचा जो नियम होता तो सांगतो, कारण सारं तिथी येऊन अडलं. त्या खेळात हरलं का परत मागं जायची सोय होती. आपण खेळ कॉम्प्युटरात जिथवर लिहून ठेवला असन, बाबू त्याले सेव्ह म्हणे, तिथून पुन्हा सुरू करता येत होता. बाबू तेच करायचा. मॅच हरली का कॉम्प्युटर बंद, पुन्हा चालू, मॅच पुन्हा. जिंकेपर्यंत. पंपवाल्याले त्याची शिसारी होती. रोज लिहून ठेवलं का माणसाचं मन मागं पाहते, असं तो म्हणे. म्हणून तो खेळ लिहूनच ठेवत नव्हता. खेळातलं वरीस संपलं का एकदाच, अंघोळ करून, दुसऱ्या दिवशी. अन् तवर कॉम्प्युटर बंदच करायचा नाई. दीड-दोन महिने तो डबा चालू राह्यत होता, वरून दुपट्टा टाकून. खाणीच्या लाइनीची लाइट जात नव्हती म्हणून हे चाललं. मले बजावून ठेवलं होतं, पंप बंद केला का खाण बुडते.

त्या वर्षी भागरता पोळ्याले भावाकडं गेली, धानोऱ्याच्या तिकडं. परत आली ते थंडी वाजून. मले वाटलं साधा ताप. पहिल्या दिवशी तिनं तापातच भात रांधला. मी जेवलो. तिसऱ्या दिवशी ताप डोक्यात गेला. चंद्रपूरले दवाखान्यात नेलं. पाचव्या दिवशी तिले घरी आणलं ते जीपमध्ये आडवी.

पंपवाला मातीले आला. तेरवीले आला नाई. सारी कॉलनी जेवून गेली, भिंतीपलीकडचा माणूस नाई. क्लबात बसून खेळत होता. माझं डोकं फिरलं. तेरवीचं धोतर नेसूनच मी तिथी गेलो.

"नाव काढ तिचं."

"वरीस चालू आहे अजून."

"अरे माणूस मेलं."

"इथी खेळून राह्यली ती," तो म्हणाला. "मले मधातून काढता येत नाई."

मी त्याच्यावर हात टाकला. कॅरमवाल्यायनं मले धरलं. तो मान वाकडी करून तसाच बसला, अन् मॅच पुढं चालू केली. एवढा निर्दय माणूस मी पाह्यला नाई.

पण मले कामावर तर जा लागत होतं. कुलूप माझ्यापाशी. झाडू मारताना त्या डब्याकडं पाठ करायचो. एक दिवस पंपवाल्यानं कॅरमच्या बोर्डावर पावडर पसरवली अन् बोटानं त्यात इंग्रजीत तिचं नाव काढलं. लांबलचक नाव, एकच अक्षर फिरून फिरून आलेलं. मंग जाऊन आपल्या कोपऱ्यात बसला. मी बोर्ड पुसला, पण तवर ते ध्यानात बसलं होतं. मॅच सुरू झाली अन् खालच्या अक्षरांत ते नाव चमकून गेलं. मंग पुन्हा. मी झाडू धरून उभा राह्यलो.

तेव्हापासून मी रोज उभा राह्यलो. बाकीचं मले वाचता येत नव्हतं. तिनं मारला का चुकवला, समजत नव्हतं. नाव आलं का आलं, एवढंच. पंपवाल्याले मी काही विचारलं नाई, अन् त्यानं सांगतलं नाई. आम्ही बोलत नव्हतो.

दसरा जवळ आला तेव्हा बाबू क्लबात आला होता. त्यानं पडद्यावर काही वाचलं अन् चुकचुकला. मी विचारलं काय झालं. त्यानं सांगतलं का खेळात वहिनीचं वय चौतीस झालं, हे वरीस संपलं का त्या खेळणं सोडणार. मंग लिस्टीत नाव राहत नाई.

मी बाबूले विचारलं, काही उपाय? तो हसला. सोपं आहे, म्हणे. यानं अजून लिहून ठेवलं नाई. आत्ता बंद पडलं तर सारं वरीसभर मागं जाते. वहिनी पुन्हा तेहतीसच्या.

तेरवीनंतर पहिल्यांदा मी पंपवाल्याशी बोललो. बाबू खोटं बोलते काय, विचारलं. तो म्हणाला, खरं आहे.

"मंग मागं जा."

"मी मागं जात नाई. तुले माहीत आहे."

"तुझ्यासाठी नाई म्हणत. माझ्यासाठी जा."

तो समजावल्यासारखं म्हणाला, "मागं गेलं का हे वरीस पुसलं जाते, भाऊ. पुन्हा तसंच नाई होत. तिनं मारलेले गोल जातीन."

"जातीन तर जाऊ दे. ती राहीन ना."

त्यानं मान हलवली. नाई म्हणून. माझी बायको, माझं तोंड मागून राह्यलं, अन् हा नाई म्हणते. मी आयुष्यात कोणाले एवढी विनंती केली नव्हती. भागरतालेही नाई.

शेवटची मॅच खंडेनवमीच्या आदल्या दिवशी झाली. नाव अकरा वेळा आलं. पंपवाल्यानं दुपट्टा टाकला, उद्या अंघोळ करून येतो अन् लिहून ठेवतो म्हणाला, अन् गेला. डबा दुपट्ट्याखाली घुमत होता.

खंडेनवमीले खाणीतली हरेक मशीन बंद होते. धुतात, हळदकुंकू लावतात, फूल वाहतात, नारळ फोडतात. त्या दिवशी मशिनीले काम सांगत नाई. चालू राह्यते तो फक्त पंप. त्याची पूजा चालत्यातच करतात. दरवर्षी पंपवाला क्लबात येऊन सांगायचा का हाही पंपच आहे, याले बंद करू नको. त्या वर्षी सांगाले तो यायच्या आधी मी क्लब उघडला. पंखे बंद केले. शेजारच्या खोलीतली पिठाची चक्की बंद केली. मंग भिंतीवरचं कॉम्प्युटरचं बटन. मशिनी बंद करणं माझं कामच होतं, मी नवीन काही केलं नाई. हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, अन् खोबऱ्याचे तुकडे करून होईस्तोवर थांबलो. मंग बटन चालू केलं.

तो पांढरा सदरा घालून आला, हातात झेंडूचं फूल. दारातच थांबला. डब्यावरचं कुंकू पाह्यलं असन, नाईतर आवाज ऐकला असन. पंपावरचा माणूस होता, आवाजातला फरक त्याले कळत होता. खुर्ची कोपऱ्यात ओढली, बसला, खेळ उघडला. लिस्ट आली. मी दुरूनच ओळखलं. तिचं नाव होतं. मले बरं वाटलं, खोटं काऊन सांगू.

मी म्हटलं, आज साऱ्या मशिनी बंद राह्यते, हा नियम आहे. त्यानं मले हातानं जवळ बोलावलं अन् तिच्या नावावर बोट ठेवलं. मंग बोट सरकवत त्याच ओळीत पुढं नेलं. आकडे मले वाचता येत होते. तिथी शून्य होतं.

"सतरा होते," तो म्हणाला.

मी म्हटलं, मारन पुन्हा. वरीसभर आहे ना ती आता. खेळ तू. त्यानं फूल टेबलावर ठेवलं अन् उठला. त्या खुर्चीवर तो पुन्हा बसला नाई.

रिटायर व्हायले त्याले दोन वर्षं होती. ती दोन वर्षं तो क्लबात येऊन कॅरम पाहत होता. मी रोज डब्याचा पडदा पुसायचो, खुर्ची उजव्या कोपऱ्यात लावून ठेवायचो. कधी रागानं बोललो, कधी साऱ्यांसमोर बोललो का एवढा कसला माज, चार मॅचा खेळाले काय जाते. एकदा एकटं गाठून हात जोडले. तो म्हणायचा, "नाई, भाऊ. ती खेळून गेली." तिचं नाव शून्य घेऊन लिस्टीत पडून राह्यलं. मले बाण काढता येत नव्हता. मंग एक दिवस नवीन सेक्रेटरीनं तो डबा भंगारात दिला.

पंपवाला गोंडपिपरीच्या तिकडं आपल्या गावाले गेला. जायच्या दिवशी वाटी परत कराले आला होता. भागरताची स्टीलची वाटी, घासून. तेव्हाही मी भांडलोच. मी म्हटलं, सतरा गोल होते हे तू बटनाच्या आधी काऊन नाई सांगतलं? तिले रोज भिंतीवरून सांगत होता. ती जायच्या आधी नऊ झाले असतीन, दहा झाले असतीन, ते तिले माहीत होते. त्याच्या पुढचे सांगाले ती नव्हती. मी रोज तुझ्या बाजूले झाडू धरून उभा होतो. मले सांगतलं असतं तर माझा हात बटनावर गेला असता काय?

त्यानं वाटी माझ्या हातात दिली.

"तू कधी विचारलंच नाई," तो म्हणाला.